सात घागरी देवाच्या

लालसू नैतामच्या मोहाच्या दारूने आमच्या गावातल्या दोन बाया मेल्या. त्या प्याल्या नव्हत्या, त्यांचे नवरे प्याले होते. दुसरीला पुरून आल्यावर बचत गटाच्या बैठकीत ठरलं, की विकायची दारू गावात गाळू द्यायची नाही. पंडुमाला, पेरणीआधीच्या बियाण्याच्या सणाला, देवापुढे लागते तेवढी एक घागर पेरम्याने गाळून घ्यावी. देवाची पूजा तोच करतो. बाकीची मडकी आम्ही फोडणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अकरा जणी काठ्या घेऊन लालसूच्या वाडीत शिरलो. बारावी त्याच्याच घरात होती, त्याची बायको जैवंती. तिचा उजवा डोळा सुजून मिटला होता.

लालसू हसतच उभा होता. मागे छपरात सात घागरी ओळीने मांडलेल्या, तोंडांना पानं बांधलेली, पुढे तांदळाचे दाणे.

"या मावश्या, फोडा! पंडुमाच्या हायेत. मंग देवालेच उत्तर द्या."

"सात घागरी?" आमची अध्यक्ष पायके म्हणाली. "देव एवढा पितो का रे?"

"तुझ्यासारखी बायको असंल त्याची. काय करंल बिचारा!"

कुंपणाबाहेर जमलेले बापे खिदळले. त्यांच्यातून पेरमा आत आला, त्याने वाकून दाणे पाहिले आणि मान हलवली. "वाहिलं म्हंजे देवाचं झालं वो. हात लावू नका."

आमच्या काठ्या खाली आल्या. माझीही आली.

"ह्या देवाच्या नाईत," जैवंती म्हणाली. "मी गाळली. मागल्या आठवड्यात."

मागल्या आठवड्यात जैवंती कुर्माघरात होती, माझी सूनही तिच्याजवळच होती. पाळीच्या दिवसांत बाई त्या झोपडीत राहते, घरच्या चुलीलाही शिवत नाही, तिच्या हातचं देवाला चालत नाही. बापे त्या बाजूला बघतही नाहीत.

"गाव तेंदूपत्त्याले गेलं होतं," ती म्हणाली. "यानं केसाले धरून ओढत आणलं मले. म्हने, गिऱ्हाईक थांबलं हाय, बस भट्टीवर."

"खोटी हाय ही!"

"खोटी नाई," माझी सून पुढे झाली. "ओढताना मी पायलं. यानं माह्यावर बी कुऱ्हाड उगारली, म्हून गप रायली."

लालसूने कोपऱ्यातलं मुसळ उचललं आणि जैवंतीच्या डोक्यात घातलं. ती बसली. त्याने दुसऱ्यांदा घातलं, तेव्हा ती आडवी झाली आणि कानातून रक्त आलं. तिसऱ्यांदा मुसळ वर गेलं, तेव्हा मी त्याच्या मनगटावर काठी हाणली. हाड मोडलेलं ऐकू आलं. मला अजून त्याचं वाईट वाटत नाही.

मग आम्ही त्याला मारलं. तो पडला तरी मारलं. पायकेने "बस, मरंल तो!" म्हणून दोघींना मागे ओढलं, तेव्हा त्याच्या तोंडातले दात मातीत पडले होते. मग घागरी फोडल्या. दारू चुलीतल्या निखाऱ्यांवर गेली, छप्पर पेटलं. एकही बाप्या पुढे आला नाही.

जैवंती श्वास घेत होती. मी तिच्याकडे वळले तर पेरमा आडवा आला.

"तिनं कुर्मा मोडला. डुकराचा दंड देईस्तोवर तिले शिवायचं नाई. जी शिवंल, तिले पंडुमात पूजेचं बी मिळनार नाई."

"तिनं मोडला?" पायके ओरडली. "केस याच्या हातात होते ना!"

"कोनी का मोडवंना. मोडला तर मोडला."

पूजेचं बी मिसळल्याशिवाय आमच्याकडे कुणी पेरत नाही. आत्ताच लालसूवर तुटून पडलेल्या बाया एकमेकींकडे बघू लागल्या. एकीने काठी टाकली आणि पदर सावरत घराकडे चालू लागली. तिच्यामागे आणखी सहा गेल्या. त्यांत माझी सख्खी बहीण होती.

पायकेने खाट ओढून आणली. मी जैवंतीच्या काखेत हात घातले, सुनेने पाय धरले. चौथी सोमारी. ती रडत होती, पण तिने खाटेचा खूर सोडला नाही. दवाखाना नऊ कोसांवर. वाटेतल्या नदीपर्यंत जैवंतीचं रक्त माझ्या खांद्यावरून पाठीवर उतरत राहिलं.

जैवंती जगली. त्या कानाने तिला ऐकू येत नाही. लालसूला पोलिसांनी नेलं. त्या वर्षी आम्ही चौघींनी पूजेविना पेरणी केली. माझ्या बांधापलीकडे माझी बहीण पेरत होती. तिने वर पाहिलं नाही, मीही हाक मारली नाही.