कप्पीचं तेल

कोंडीरामनं दोर तळहाताला वेढला, पाय रोवले आणि ओढला. गॅरेजचं दार हललं नाही.

देहूरोडजवळचा हा बंगला एका गोऱ्या साहेबानं बांधलेला. दार अख्खं वर सरकायचं. दोर कप्पीवरून जायचा, त्याच्या दुसऱ्या टोकाला वजनाची लोखंडी पेटी. ती खाली आली की दार वर. गोरा गेला. बंगला लक्ष्मणराव ठेकेदारांनी घेतला, दारासोबत ड्रायव्हर कोंडीरामही घेतला. गॅरेजमागची खोली दार उघडणाऱ्याची. दिवाळीत दार अडलं तेव्हा लक्ष्मणराव हसत म्हणाले होते,

"दार बदलणं महाग पडतं, कोंडीराम. माणूस बदलणं नाही."

लक्ष्मणराव हसले की खरं बोलतात, हे कोंडीरामला ठाऊक होतं. दार नव्हे, आपले दंड थकलेत, हेही ठाऊक होतं; पण नाव त्यानं दाराचं घेतलं. पेटीत धोंडे वाढवले, तर दार सकाळी उघडे आणि संध्याकाळी त्याच वजनानं मिटेना. मग धोंडे काढून त्यानं कप्पीला एरंडेल पाजलं. दुसऱ्या दिवसापासून दार उघडायला हलकं, मिटायलाही हलकं!

"यंत्राला तेल लागतं, गवरे. त्यातलं कळावं लागतं," तो रोज बायकोला ऐकवी.

"व्हय," गवराबाई म्हणे. "लई हुशार तुमी."

आज त्यानं पुन्हा तेल सोडलं, पुन्हा ओढलं. दोर तळहात सोलून सरकला.

"कोंडीराम, गाडी!" ओसरीवरून हाक आली.

"आलो, साहेब!"

पेटी बघायला तो बाजूच्या भिंतीकडे वळला. तिथं स्टूल आडवं पडलं होतं. शेजारी त्यांच्याच खोलीतला वरवंटा आणि चुलीचे दोन दगड. त्यांच्यामध्ये गवराबाई मनगट धरून बसली होती.

कोंडीरामनं वरवंट्याकडे बघितलं, मग वर लटकणाऱ्या पेटीकडे.

"रोज?"

"तुमी तोंड धुवायला गेला की ह्ये पेटीत चढवायची. गाडी गेली की उतरवायची." तिनं मान वर केली नाही. "आज हातच वर जाईना. पडले."

त्यानं वरवंटा उचलला. छातीपर्यंत आणला. तिथून तो वर जाईना. हळूच खाली ठेवला. मग तेलाची डबी घेऊन तो तिच्यासमोर बसला, उरलेलं एरंडेल तिच्या मनगटावर ओतलं आणि चोळू लागला.

"आवं, साहेब थांबल्यात."

"थांबू दे."

ओसरीवरून पुन्हा हाक आली. या वेळी लक्ष्मणराव हसत होते.