शेवटच्या टाकीकडे बघून

मुलानं, कैलासनं, सोनिवलीच्या नव्या इमारतीत घर घेतलं त्या साली, दिवाळी सरता सरता, हिंदुरावांनी नातीला गच्चीवर नेऊन पाण्याच्या टाक्यांपुढे उभं केलं.

“शेवटच्या टाकीकडं बघायचं. तिथला माणूस बहिरा आहे असं समज.”

“आबा, टाकी माणूस नसते.”

“समोर बसलेली अर्धी माणसं टाकीच असतात. बोल तू.”

दोरीवरचे कपडे काढता काढता आजी, कौसाबाई, हसल्या. तेजस्वी दुसरीत होती. वर्गात बाईंनी नाव विचारलं तर ती वहीवरच्या नावावर बोट ठेवायची. शाळेत भाषणाची स्पर्धा ठरली आणि हिंदुरावांनी कंबर कसली. नदीच्या घाटावर कुणाचाही दहावा असो, विधी उरकले की माईक त्यांच्याकडेच यायचा. गेलेला माणूस किती भला होता हे ते असं सांगत, की ज्यांनी त्याला जन्मभर पाण्यात पाहिलं तेही डोळे पुसत.

महिन्याभरात पोरीचा आवाज खालच्या मजल्यावर पोचला.

स्पर्धेचा विषय होता ‘माझी आई’. सून मनाली रजा टाकून पहिल्या रांगेत बसली होती, मोबाईल उगारून. तेजस्वीनं खांदे ताठ केले, नजर मागच्या भिंतीवर लावली.

“जमलेल्या आप्तेष्टांनो आणि ग्रामस्थ बंधुभगिनींनो, माझी आई मनाली हिच्याबद्दल बोलावं तेवढं थोडं. दारी आलेल्याला तिनं कधी उपाशी पाठवलं नाही. असं माणूस पुन्हा होणे नाही.”

कुणीतरी फिसकन हसलं. मनालीचा मोबाईल खाली आला. तेजस्वी थांबली नाही. थांबायचं नाही, हेही तिला शिकवलेलं होतं.

“आता सर्वांनी दोन मिनिटं शांत उभं राहावं.”

पहिलीतली पोरं मुकाट उभी राहिली. मागच्या रांगेत हिंदुरावही उभे राहिले, सवयीनं, टोपी काढून. मग सगळं सभागृह हसत सुटलं.

घरी चपला काढताना मनाली म्हणाली,

“आबा, जिवंतपणी माझा दहावा घातलात.”

“पोर बोलली तर खरं.”

“नसती बोलली तर बरं झालं असतं.”

दाराआड तेजस्वी उभी होती. कौसाबाईंना ती दिसली, मनालीला नाही.

पोरगी पुन्हा बोटानं नाव दाखवू लागली. हिंदुराव गच्चीवर एकटेच जाऊन बसत. घाटावर माईक पुढे आला की घसा धरलाय म्हणत. कौसाबाई चहात आलं ठेचून घालत आणि ते गुमान पीत. घशाला काही झालेलं नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मग त्याच घाटावर हिंदुरावांचाच दहावा झाला. पुढारी बोलले. एकानं गटारांच्या कामाचंही सांगून घेतलं. शेवटी कैलासनं माईक लेकीच्या हातात दिला. मनाली तिच्या कानाशी वाकली.

“बोल बाळा. आबांनी शिकवलं होतं तसं बोल.”

पोरीनं खांदे ताठ केले. सगळ्या टोप्यांवरून नजर उचलून पार पाण्याकाठच्या शेवटच्या माणसावर ठेवली. कौसाबाईंनी तोंडाला पदर लावला. माईक नुसताच खरखरत राहिला. मग तेजस्वीनं तो दोन्ही हातांनी आईकडे परत दिला.

हिंदुराव गेले ते माघ वद्य नवमीला, मंगळवारी पहाटे.