दोर्सिनाची पांढरी ताटली

“कुणाला खरं वाटणार नाही,” एलिफास म्हणाला, “म्हणून मी सांगणारच नव्हतो.”

खोलीतल्या माणसांनी पाय सैल सोडले. एलिफास लातुपेरिसाने अशी सुरुवात केली की गोष्ट लवकर संपत नाही, हे साऱ्या बेटाला ठाऊक. याच माणसाची होडी एकदा कुपा माशाने ओढत शेजारच्या बेटापर्यंत नेली होती आणि जेवणाच्या वेळेला सुखरूप दारात आणून सोडली होती. निदान तो तसं सांगे, आणि जाळी दुरुस्त करत बसलेल्यांना ते ऐकायला बरं वाटे. मात्र इतक्या वर्षांत त्याने एक पथ्य पाळलं होतं. किनाऱ्यावर, ओट्यावर, लग्नाच्या मांडवात काय वाटेल ते सांगावं. प्रार्थनेच्या मेजापाशी एकही थाप मारायची नाही.

आज तो त्या मेजाला टेकूनच बसला होता. पाठ दाराकडे, तोंड माणसांकडे.

मेजावर पांढरं कापड होतं, पवित्र शास्त्र होतं, कागदात गुंडाळलेलं नाणं होतं. ताटली मात्र नव्हती. तिच्या जागी रुमालाचं गाठोडं होतं, आणि आठवड्याच्या उपासनेला त्याच्या घरी आलेला जो तो आधी त्या गाठोड्याकडे बघून मग बसला होता. शेवटी उपासना चालवणाऱ्या, चर्चच्या वडील सुसानाबाईंनी विचारलं होतं, “ताटली कुठाय, एलिफासदादा?”

अशी पांढरी ताटली इथे घरोघरी असते. तिच्यात कुणी जेवत नाही. घरचं माणूस प्रवासाला निघालं की नाणं गुंडाळून तिच्यात ठेवायचं, त्यावर प्रार्थना करायची, आणि माणूस परतलं की नाणं चर्चमध्ये वाहायचं. तोवर ताटलीला हात लावायचा नाही. एलिफासच्या घरची ताटली त्याच्या सासूची होती. नाणं त्याच्या बायकोच्या, दोर्सिनाच्या, प्रवासाचं होतं. ती लेकीच्या बाळंतपणाला अंबोनला गेलेली, आज दुपारच्या लाँचने यायची. दिवेलागण झाली तरी लाँचचा पत्ता नव्हता. पूर्वेचा वारा पत्रे हलवत होता आणि मोबाईलला रेंज नव्हती.

आणि खरी गोष्ट इतकी क्षुल्लक होती की सांगायची लाज वाटावी. बायको गेल्यापासून घासलेलं एकही भांडं घरात उरलं नव्हतं. दुपारी एलिफासला भूक लागली. समोर ती ताटली दिसली, स्वच्छ, पांढरी. नाणं हळूच बाजूला ठेवून त्याने तिच्यात तळलेला बांगडा घेतला, वर मिरची-लिंबाची कोलो-कोलो चटणी ओतली. दोन घास खाल्ले असतील नसतील, तोच लांबून इंजिनाचा आवाज आला. लाँच आली असं वाटून तो धडपडत उठला, आणि ताटली मांडीवरून सिमेंटच्या जमिनीवर गेली. ती लाँच नव्हतीच. कुणाचा तरी जनरेटर होता. तुकडे त्याने तसेच रुमालात बांधून मेजावर ठेवले.

तेव्हापासून त्याला एका जागी बसवत नव्हतं. धक्क्यावर जायचा, परत यायचा. मेजापुढे गुडघे टेकायचा, पण देवाला हाक मारायची कुठून तेच कळेना. इतकी वर्षं ती ताटलीवरूनच वर जात आली होती.

“तर मी डोळे मिटून प्रार्थना करत होतो,” एलिफास सांगू लागला, “हिच्यासाठीच. एवढ्यात वारा असा उठला की समुद्र घरं मोजत मोजत वर आला. आमच्या खिडकीपाशी थांबला. आणि लाटेतून एक मासा आत.”

“केवढा?” शेजारच्या येर्मियासने विचारलं.

“उगाच वाढवून सांगत नाही. खिडकीतून आला म्हणजे खिडकीएवढाच.”

“मागच्या वेळचा दाराएवढा होता.”

“तो दारातून आला होता.”

लोक हसले. एलिफासही हसला, पण कान बाहेर होते. धक्क्याकडून काही ऐकू येत नव्हतं, वाऱ्याशिवाय.

“मासा पडला तो थेट ताटलीत. शेपटीचा एकच तडाखा दिला, ताटलीचे तुकडे. आणि आला तसा खिडकीतून गेला.”

“गेला कसा?”

“ज्याने पाठवला त्याने परत बोलावला.”

“आणि नाणं?” सुसानाबाईंनी विचारलं.

“नाण्याला धक्काही नाही. बघा ना, जिथल्या तिथे आहे.”

हे म्हणताना मात्र त्याची जीभ अडखळली. मघाशी बाईंनी शास्त्रातून वाचलेला भाग त्याच्या डोक्यातून जात नव्हता. तळ्यावर वादळ, नाव पाण्याने भरत चाललेली, आणि प्रभू मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपलेला. दर वेळी एलिफासला नावेतल्या घाबरलेल्या शिष्यांचं हसू यायचं. आज त्याला त्या झोपेचा हेवा वाटत होता. झोपणाऱ्याने सासूची ताटली फोडली नव्हती. तो मेजावर हात ठेवून खोटं बोलत नव्हता. बायको पाण्यावर असताना आपण इथे एकेक शब्द वाढवतोय, आणि तिकडे एकेक लाट वाढत असेल, असं त्याच्या मनाने घेतलं. थांबावं. पण थांबलो तर खरं सांगावं लागणार, आणि मग कुणी काही बोलणार नाही, फक्त एकमेकांकडे बघतील. ते बघणं त्याला सोसणार नव्हतं.

सुसानाबाई खुर्ची ओढून जवळ आल्या. “दादा, ताटली म्हणजे देव नव्हे. फुटली तर फुटली. काय झालं ते सांग, मग आपण सगळे दोर्सिनावहिनीसाठी प्रार्थना करू.”

खरं बोलायला त्यांनी वाट करून दिली होती. एलिफासला तोंड उघडायचं होतं. उघडलंही.

“मासा बोलला,” तो म्हणाला.

येर्मियासने कपाळाला हात लावला. “आता बोललाही?”

“जाताना खिडकीत वळला आणि बोलला.”

“काय म्हणाला?”

इथे एलिफासपाशी काहीच तयार नव्हतं. त्याने गाठोड्याकडे पाहिलं, नाण्याकडे पाहिलं. आवाज निघाला तो त्याचा नेहमीचा नव्हता.

“म्हणाला, तिला आणतो.”

कुणी हसलं नाही. एलिफासने मान खाली घातली, हात एकमेकांत घट्ट धरले आणि तेच शब्द फिरवून पुटपुटला. या वेळी ते माणसांना उद्देशून नव्हतं. “तिला आण. बाकी काय ते माझ्याकडून घे.”

वारा क्षणभर पडला. मान वर केली तेव्हा सगळे त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते, आणि येर्मियास तोंडावर हात धरून बसला होता. एक ओला हात मागून पुढे आला. मनगटावर पिशवीचा दोर अजून अडकलेला, बाहीतून पाणी टपकत होतं. हाताने रुमालाची गाठ सोडली, एक तुकडा उचलला, नाकाशी नेला, आणि दिव्याखाली फिरवून पाहिला.

“अहो,” दोर्सिना म्हणाली, “तो मासा येताना स्वतःला मिरची-लिंबू लावून आला होता का?”