मुका केलेला भोंगा

कोरेगावजवळच्या पंपहाउसात मिलिंदनं बसवलेल्या पेटीवर तांबडे आकडे दिसायचे. तिथून तीन मैलांवर, वडूजच्या अंगाला माळावर पाइपलाइनचं चेंबर होतं, दीड पुरुष खोल. त्यात पाण्याचा दाब मोजणारं यंत्र अन् वर एरियल. दाब चार किलोच्या खाली उतरला की वायरलेसवरनं इकडं भोंगा बोंबलायचा. अठ्ठ्याण्णव साली विश्रामबागच्या कॉलेजात शिकून आलेल्या पोरानं हे जुळवलं, तेव्हा त्याचे वडील धोंडीबा, पंचवीस वर्षं ह्याच पाइपलाइनवर राबलेले लाइनमन, गावभर सांगत सुटले होते.

पण भोंगा रोज दुपारी वाजायला लागला. पंप थांबला की मेंढरं राखणारा धुळा चेंबरावरची तोटी सोडून कळपाला पाणी पाजायचा. तोटीची चावी धोंडीबांनीच दिलेली. भोंगा रोज का वाजतो, असं पाणीखात्याचा साहेब खोदून विचारायला लागला, तसे ते पोराला म्हणाले, "मुकी जनावरं हायत रं. पंप बंद असला की भोंगा वाजू नये, असं कर कायतरी."

बापाचा शब्द. मिलिंदनं चार बटणं दाबून अट घातली: पंप बंद, तर भोंगा गप्प. झालं! लय शहाणा की नाही?

मंगळवारी तो आला तर पंप बंद, अन् पंप चालवणारे हंबीरराव निवांत तंबाखू मळत बसलेले. मिलिंदची नजर पेटीवर गेली. सहा हवेत तिथं एक पॉइंट आठ. तोटी सोडली तरी दाब कधी तीनच्या खाली जात नव्हता.

"आवं, पंप कवा बंद केला?"

"धा वाजता. धोंडीबा चेंबरात उतरलाय. जोड गळतोय, बोल्ट आवळतो म्हनला."

"आनि ह्यो आकडा?"

"भोंगा कुटं वाजलाय गड्या? वाजला असता तर बघितलं असतं की."

मिलिंदच्या पाचावर धारण बसली. जोड सुटला होता. टेकडीवरच्या टाकीचं सगळं पाणी लाइनीतनं मागं येऊन त्या खड्ड्यात घुसत होतं, अन् खड्ड्यात त्याचा बाप होता.

हंबीररावांची एम-एटी फटफटी घेऊन तो सुटला. आबा साठीला टेकलेले, पोहणं येत नाही. भोंगा बोलता असता तर जोड सुटला तेव्हाच कळलं असतं. मीच मारलं, मीच मारलं, एवढंच डोक्यात घुमत होतं.

माळावर पोचला तर चेंबर काठोकाठ भरून वाहत होतं. भोवती मेंढरं खुशाल पाणी पीत होती. काठावर आबांच्या चपला. आबा कुठं दिसेनात.

"आबा!" तो गुडघ्यावर कोसळला अन् पाण्यात हात घालून चाचपडायला लागला.

"बोंबलू नको, हितं हाय." बाभळीखाली धुळाचं घोंगडं पांघरून आबा कुडकुडत बसले होते. शेजारी धुळा बोडक्या डोक्यानं उभा. त्याचं तांबडं पागोटं ओलंचिंब होऊन फांदीवर लोंबत होतं. आज तो मेंढरं घेऊन जरा लवकर आला, आतनं हाक ऐकली, अन् डोईचं पागोटं सोडून त्यानं आत फेकलं, त्याला धरून आबांना वर ओढलं होतं.

मिलिंद बापाच्या पायाशी बसून ढसाढसा रडला. "मी मुका केला त्यो भोंगा, आबा."

"मीच करायला लावला. जा, आदी चालू कर."

धुळा खाली मान घालून म्हणाला, "मग मेंढरांचं कसं?"

"पाजायची रोज," आबा दातावर दात वाजवत म्हणाले. "वाजू दे भोंगा. सायबाला सांगतो, चावी मीच दिलीया."