एका छपराखाली

ग्लेनिसने फ्रिजच्या मधल्या फळीवर लाल चिकटपट्टी लावली आणि सॉसेजचं पाकीट पट्टीच्या पलीकडे ढकललं. नेव्हिल दाराला टेकून बिअर पीत बघत होता.

"आता तुझं चीज खाल्लं तर पोलिसांत जाशील काय?"

"उपाशी ठेवीन. चल, उजळणी कर. तुझे कपडे कोण धुतं?"

"तूच की."

"झालं. बोंबलला अर्ज."

दोघंही हसले. एकाच गोष्टीला दोघं हसल्याला बराच काळ लोटला होता, आणि ग्लेनिसला ते बरं वाटलं.

संत्र्यांच्या शेडमध्ये खोकी उचलून उचलून तिची पाठ गेली, तेव्हापासून तिला अपंगत्वाचं पेन्शन होतं. मग नेव्हिल मांसाच्या कारखान्यात मुकादम झाला. त्याचा पगार चढत गेला, तसतसं तिचं पेन्शन उतरत जवळजवळ संपलंच. सरकारचा हिशेब सरळ आहे: नवरा कमावतो, म्हणजे बायकोचं भागतं. तो तिच्या हातावर काय टेकवतो, हे विचारायला कुणाला सवड नाही. इस्पितळातल्या कोमट पाण्याच्या तलावात उतरलं की ग्लेनिस आठवडाभर ताठ चालायची. आता तिथल्या टॅक्सीचे पैसे मागावे लागत, आणि पाकिटाला हात घालण्याआधी नेव्हिल "परत?" म्हणायचा. त्या एका शब्दापायी तिने जाणंच सोडलं होतं. सकाळी मोजे चढवताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं.

युक्ती नेव्हिलनेच काढली. एका छपराखाली राहूनही नवरा-बायको वेगळे झालेले असले, तर कायदा त्यांना वेगळंच धरतो. मग त्याचा पगार तिच्या आड येत नाही. ग्लेनिसला लबाडी पचणारी नव्हती. पण दर वेळी हात पसरणं त्याहून जड झालं होतं. तिने शिवणाच्या खोलीत खाट टाकली आणि अर्ज केला.

घोडं अडलं ते साक्षीपाशी. दोघांना नीट ओळखणाऱ्या कुणीतरी, हे खरंच वेगळे राहतात, असं सांगायला हवं होतं. नदीकाठच्या त्या गल्लीत तसं माणूस एकच, शेजारची थेल्मा. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी, आणि प्रवचन लांबलं तर पाद्र्याला तोंडावर तसं सुनावणारी. ग्लेनिस न्हाणीघरात पडली तेव्हा तिनेच येऊन उचललं होतं. नेव्हिल मागच्या शेडमध्ये यंत्र चालवत होता, बिचाऱ्याला हाक ऐकूच गेली नाही. नंतर तो फुलं घेऊन आला होता.

थेल्मासमोर ग्लेनिस मान खाली घालून बसली. थेल्माने मटार सोलता सोलता सगळं ऐकलं, आणि फोन आला की बोलेन, एवढंच म्हणाली. नेव्हिलने ऐकलं आणि मांडीवर थाप मारली. म्हणाला, बघ, देवाची माणसंही वेळेला कामाला येतात.

थेल्माला सरकारी कचेरीतून फोन आला तेव्हा दोघं मागच्या अंगणात होती. नेव्हिल जन्मात पहिल्यांदा स्वतःचे शर्ट वाळत घालत होता, आणि ग्लेनिस चिमटे कुठे लावायचे ते दाखवत होती. थेल्माला कमी ऐकू येतं, म्हणून तिचा फोन कायम मोठ्या आवाजावर असतो. व्हरांड्यातलं बोलणं कुंपणापलीकडे स्वच्छ ऐकू येत होतं.

"हे दोघं नवरा-बायकोसारखे राहतात, असं तुम्हाला वाटतं का?" सरकारी बाईने विचारलं.

"नाही."

"कधीपासून?"

ईस्टरपासून, असं ठरलं होतं.

"तिची पाठ गेली तेव्हापासून," थेल्मा म्हणाली. "ती न्हाणीघरात पडली होती. ओरडली ते माझ्यासारख्या बहिरीलाही माझ्या स्वयंपाकघरात ऐकू आलं. मी धावत गेले, तर हा बाहेरच्या खोलीत फुटबॉल बघत बसलेला. मला म्हणतो, जरा थांबा, पाच मिनिटंच राहिलीत. मी तिला एकटीने उचलली, बाई. पोरीला हे कधी सांगितलं नाही. पण तुम्ही विचारलंत, आता खोटं कसं बोलू?"

मग बाईने आभार मानले आणि एवढं पुरे आहे, असं सांगितलं.

"पुरे म्हणाली," नेव्हिल हलक्या आवाजात म्हणाला. "मिळालं बघ तुझं पेन्शन. काय रचते पण म्हातारी. मानलं."

ग्लेनिसने एक चिमटा त्याच्या हातात दिला.

"कोण जिंकलं होतं रे?"

"आपणच," शर्टाची बाही ओढत नेव्हिल म्हणाला. "भोंगा वाजता वाजता गोल केला, एका..."

त्याचा हात दोरीवर तसाच राहिला. ग्लेनिसने मान डोलावली. मग वाकवत नव्हतं म्हणून त्याच्या ओल्या शर्टांची टोपली तिने पायानेच त्याच्याकडे सरकवली, आणि दोरीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन आपले कपडे वाळत घालायला लागली.