चोराला नकोशी सायकल

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे शास्त्रज्ञ म्हणतात. कौतुकाने नव्हे. सायकलच्या कारखान्यात तो नवीन मॉडेलं काढतो, आणि मालकाने त्याला एकच काम लावलंय: चोरीला जाणार नाही अशी सायकल बनव. पहिली सायकल कोणी हात लावला की बोंबलायची. ज्याची सायकल त्याने लावला तरी बोंबलायची. दुसरीची सीट काढून सोबत न्यायची होती. लोक सीट ऑफिसात विसरून उभ्यानेच घरी पोचले. मग मालकाने सरळच सांगितलं, "तिसरी जमली नाही, तर दुसरीकडे नोकरी बघ."

तर हे महाशय माझ्या दारात.

"ताई, तुझी सायकल दे."

"का? जगातल्या बाकीच्या संपल्या?"

"चोराला मोह पडावा अशी तीच आहे."

ते मात्र खरं. माझी सायकल हिरवीगार, पुसून चकचकीत ठेवलेली. ह्यांनी हौसेने घेतली होती. हे गेले, सायकल राहिली. मी शिवणकाम करते, घरोघरी मापं घ्यायला तीच लागते. कोपऱ्यावर आले की हे दोनदा घंटी वाजवायचे आणि मी चहा टाकायची. आता कोपऱ्यावरून मीच दोनदा वाजवते. घरात ऐकायला कोणी नाही. वेडेपणा आहे, असू दे.

"चोर कुलूप तोडतो, साखळी कापतो," शास्त्रज्ञ म्हणाला. "पण बघूनच नकोशी वाटली, तर कोण चोरेल?"

त्याचा उतरलेला चेहरा बघून मी दिली. पाठचा भाऊ आहे, करणार काय! "पण घंटीला रंगाचा थेंब जरी लागला, तर हात मोडीन."

"अगं, सगळं मळकं आणि तेवढीच चकचकीत?"

"हो. तेवढीच."

मग त्याने फ्रेमवर गंज रंगवला, सीटला फाटकं कव्हर चढवलं, चाकांवर वाळका चिखल काढला. तोही रंगाचाच. "आतून मात्र एकदम फर्स्ट क्लास आहे, ताई."

"लग्न जमवताना माणसांबद्दलही असंच सांगतात," मी म्हटलं.

बाजारात बिनकुलपाची उभी केली. कोणी ढुंकून बघितलं नाही. उलट पुढच्या टोपलीत लोकांनी कचरा टाकला. शास्त्रज्ञ आनंदाने नाचायचा तेवढा बाकी होता.

मालकांना दाखवायचा दिवस आला. सायकल माझी, म्हणून मलाही बोलावलं. त्याने मुद्दाम ती कारखान्याच्या गेटपाशी लावली, येताना मालकांच्या नजरेला पडावी म्हणून. आत त्याचं भाषण झालं, आणि मालक म्हणाले, "आण बघू ती."

भाऊ गेटपर्यंत जाऊन वॉचमनला घेऊन परत आला. सायकल तिथे नव्हती.

"चोरीला गेली?" मालक म्हणाले. "म्हणजे हीही नापास." भावाचा चेहरा पांढराफटक पडला.

वॉचमन चाचरत पुढे आला. "साहेब, सकाळी गाडीतून उतरताना तुम्हीच म्हणालात ना, हे भंगार दारातून हटवा. मी भंगारवाल्याला देऊन टाकली."

 मग मालकांनी टेबलावर थाप मारली. "अरे, सायकली विकता विकता माझे केस पिकले आणि मलाच ओळखू आली नाही! पास!" टाळ्या पडल्या. माझ्या सायकलचं काय झालं, हे विचारायचं कोणालाच सुचलं नाही. मी तोवर रस्त्याला लागले होते.

सायकल भंगाराच्या ढिगाबाहेर भिंतीला टेकवलेली होती.

"न्या बाई, न्या," भंगारवाला म्हणाला. "हिचं मी तरी काय करू?"

सगळी धडधाकट होती. फक्त हँडलवर, घंटीच्या जागी, रंग न लागलेला हिरवा पट्टा होता.

"घंटी?"

"माझ्याकडे आली तेव्हाच नव्हती."

शास्त्रज्ञ मागून धापा टाकत आला. "ताई, म्हणूनच मी म्हणत होतो, घंटीलाही रंग..." पुढचं त्याने गिळलं. इतकी अक्कल आहे त्याला. मी तिथेच, भंगारवाल्याच्या दारात, रस्त्यावरचे लोक बघत असताना ढसाढसा रडले.

भावाची नोकरी पक्की झाली. त्याने नवी घंटी आणली होती, मी परत पाठवली. रंग खरवडून देतो म्हणाला, तेही नको म्हटलं. कोपऱ्यावर आले की अंगठा अजून हँडलवर जातो, आणि मी गुपचूप घरी येते. कुलूप लावायचं सोडलंय. सायकल अगदी सुरक्षित आहे. तिच्यात चोरण्यासारखं काही उरलेलंच नाही.