मूठ म्हणजे ओढ

धाकट्यानं थोरल्याचं जाळं गिळलं. तोंडानं नव्हे, ट्रॉलरनं. आधीची दोन जाळी त्या ट्रॉलरनं फाडलीच होती; हे तिसरं आणि शेवटचं. ते गेलं की थोरल्याची होडी म्हणजे चुलीचं सरपण.

धाकटा सख्खा भाऊ, पण आता मासळी दळणाऱ्या कारखान्याच्या ट्रॉलरवर कप्तान. त्याच्या जाळ्याची भोकं इतकी बारीक, की पाण्यालासुद्धा अंग चोरून बाहेर पडावं लागे. तळ खरवडायचा, नखाएवढी पिल्लं उपसायची, कारखान्यानं त्यांचं पीठ करून कोंबड्यांना घालायचं. खाडी अशी ओस पडली, की बगळेसुद्धा पोटापाण्यासाठी परगावी गेले.

भर दुपारी थोरल्यानं होडी ट्रॉलरला भिडवली आणि चाकू दातात धरून वर चढला. मागच्या कठड्यावरून कारखान्याचं जाळं अर्धं बाहेर लोंबत होतं आणि त्यात याचं जाळं गुंतलेलं. तो एकेक धागा कापून ते सोडवू लागला.

विंचवर, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्रावर, होता त्यांच्या बहिणीचा नवरा. इंजिनापाशी जन्म गेल्यानं इतका बहिरा, की कानाशी तोफ उडवली तर विचारील, "कोण खोकलं?" म्हणून त्या बोटीवर सगळा कारभार हातानं. मूठ वर म्हणजे ओढ, पंजा उघडा म्हणजे थांब. भावोजी हाताकडंच बघत. हात कुणाचा, हे बघायची त्यांना सवय नव्हती.

"दादा, चाकू ठेव!" धाकटा धावत आला. "एका चिंधीसाठी जीव देतोस?"

"या चिंधीनंच तुला वाढवलंय, हरामखोरा!"

धाकट्यानं डोक्यानं टक्कर दिली. थोरल्याचे दोन दात समुद्रात पडले. ते गिळायलाही खाली मासा उरला नव्हता. थोरल्यानं चाकूची मूठ त्याच्या नाकावर हाणली, तशी रक्ताची चिळकांडी उडाली. चिडलेल्या धाकट्यानं लोखंडी कप्पी उचलली आणि कठड्यावरच्या थोरल्याच्या उजव्या हातावर घातली. बोटं वाळक्या काटक्यांसारखी मोडली. चाकू डेकवर पडला. त्याच क्षणी शेवटचा धागा तुटून थोरल्याचं जाळं काठाला ओवलेल्या शिशाच्या वजनानं पाण्याकडं घसरलं. थोरल्यानं ते डाव्या हातानं पकडलं.

"सोड ते!" म्हणत धाकट्यानं मारायला मूठ वर उगारली.

भावोजींना मूठ दिसली. त्यांनी विंच सुरू केला.

धाकटा दोराच्या वेटोळ्यातच उभा होता. फास घोट्याला आवळला आणि तो फरफटत यंत्राकडं निघाला. त्यानं दोन्ही हातांनी एक खांब कवटाळला. हाड मोडल्याचा आवाज इंजिनाच्या धडधडीतही ऐकू आला.

"भावोजी, थांबा! दादा, हात दाखव! हात!"

थोरल्याचा उजवा पंजा उघडेना. डाव्यात जाळं.

थोरल्यानं एक शिवी हासडली आणि डावा पंजा उघडला. विंच थांबला. जाळं सळसळत खोल गेलं.

धाकट्याचं पाऊल पार उलटं फिरलं होतं. पुढं आयुष्यभर तो येतोय की जातोय, हे बायकोलाही उमजत नसे. पण त्या घडीला तो सरपटत चाकूपाशी गेला आणि कारखान्याच्या जाळ्याचा दोर करकरा कापला. सुटलेला दोर असा सपकन उसळला, की भावोजींच्या कानाची पाळी घेऊनच गेला, आणि त्यामागं अख्खं जाळं समुद्रात बुडालं.

"झालं? फिटलं?" धाकटा रडत म्हणाला.

थोरल्यानं त्याच्या कानाखाली काडकन वाजवली.

"गाढवा! आता ते तळाशी पडून मासळी मारतच राहणार. माणूस नाही, बोट नाही, तरी वर्षानुवर्षं मारणार! निदान वर ओढून तरी जाळायचंस!"

मग त्यानं भावाला पोत्यासारखं होडीत टाकलं, वल्ही त्याच्या हातात दिली आणि नांगर तळावरून ओढत दोन्ही जाळी शोधायला लागला. धाकटा कण्हत वल्हवत होता. आणि दर खेपेला नांगर रिकामा वर आला, की थोरला त्याला एक ठेवून देत होता.